डाव्या बुटाला एक जास्त

मल्लेशम इराबत्ती कागद घेऊन आला
तेव्हा त्याची नखं निळी होती, मिलच्या रंगखात्याची.
कागदावर कॅलेंडरातून कापलेला एक साहेब,
गुडघ्यापासून खालीच.
"असं पायजे, सिद्राममामा. टाच चॉकलेटी, चवडा चॉकलेटी,
मधलं सगळं पांढरं. वर नाडी."
बाबांनी कागद उलटा करून पाहिला,
मागून शिलाई दिसेल म्हणून.
मागे एकादशी होती.

कन्ना चौकातलं आमचं दुकान म्हणजे
गटारावरची फरशी, वर पत्रा,
उन्हाळ्यात पाणी मारलेलं एक पोतं.
तिथं त्यांनी दोन कातडी शेजारी ठेवली
आणि दिवसभर काहीच केलं नाही.
"दोन रंग जोडणं सोपंय," संध्याकाळी म्हणाले,
"एकमेकांत जाऊ द्यायचे नाहीत, ते काम."
मल्लेशम म्हणाला, आमच्याकडं त्यालाच पक्का रंग म्हणतात.

नक्षीची भोकं पाडायला मी. दहा वर्षांची.
पेन्सिलीचा ठिपका, वर पंच, वर हातोडी.
उजव्या चवड्यावर त्रेचाळीस.
डाव्यावर त्रेचाळीस झाली आणि भोंगा वाजला,
हात दचकला.
चव्वेचाळीस.
कापडाला रफू असतं. कातड्याला नसतं.
मी त्यात मेण दाबलं
आणि रात्री जेवले नाही.

बूट गड्ड्याच्या जत्रेत गेले.
बाराबंदीतल्या अनवाणी माणसांच्या कडेकडेनं
मल्लेशम धूळ चुकवत चालला होता
आणि पाळण्याच्या रांगेतल्या पोरी
त्याच्या तोंडाकडं नाही, खाली बघत होत्या.
त्यातल्याच एकीशी लग्न झालं, तो सांगायचा.
नरसम्मा म्हणायची, खोटं,
माझं लक्ष भज्यांकडं होतं.

दर शनिवारी पॉलिश.
पांढऱ्याला भिजवलेला खडू, चॉकलेटीला डबी,
आणि दोघांच्या मधल्या कडेला
चारच केस उरलेला ब्रश.
तिथं बाबा श्वास घ्यायचे नाहीत.

मग भोंगा थांबला.
एकदम नाही, आधी तिसरी पाळी, मग दुसरी.
मल्लेशम सोल बदलायला बूट ठेवून गेला.
"गुरुवारी ने."
कुठल्या गुरुवारी, ते कुणी बोललंच नव्हतं.
भिवंडी म्हणे. मग सुरत म्हणे.
मग कुणी काही म्हणेना.
नरसम्मा विड्यांचं सूप घेऊन समोरून जायची,
मान न वळवता.
बाबा दर शनिवारी ते बूट पुसत राहिले.
कुणी घालत नाही, कशाला, मी विचारलं.
"पांढरं बसून बसून पिवळं पडतं, पोरी."

तो आला तेव्हा दुकान मी चालवत होते.
नखं माणसाच्या रंगाची झालेली,
डोळ्यांत दूध सांडल्यासारखं.
नरसम्मानं त्याला फरशीवर बसवलं. मी बूट हातात दिले.
अंगठा टाचेवरून निघाला,
जिथं चॉकलेटी संपतं तिथं शिवणीवर थांबला,
पुढं सरकला, डाव्या चवड्यावर
ओठ हलवत एकेक भोक मोजलं.
"हाय की अजून," म्हणाला. "मेण गेलंय."

बाबा म्हणाले, काय?
मी म्हणाले, काही नाही.
मल्लेशम म्हणाला, काही नाही मामा.

पाय सुजलेले, बूट चढेनात.
त्यानं नाड्यांना गाठ मारून ते गळ्यात अडकवले
आणि सोलचे पैसे विचारले.
बाबांनी तेव्हाचाच भाव सांगितला, साडेनऊ.
नरसम्मानं दहाची नोट दिली
आणि आठ आण्यांसाठी हात पुढं धरून उभी राहिली.
आम्ही गल्ला पालथा केला.
आठ आणे आता कुठून आणायचे?
शेवटी मी दोऱ्याचं एक रीळ तिच्या हातावर ठेवलं.
तिनं ते ओढून पाहिलं, ताण दिला.
विड्यांचे कट्टे बांधायला चालेल, म्हणाली.